वाचकांचे प्रश्न : लोकप्रतिनिधींचे वेतन आणि घरखर्चाची ओढाताण

आमदार-खासदारांचे वेतन, भत्ते आणि निवृत्तिवेतन या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आमच्या घरात दोघेही कमावतो, तरीही महिन्याची वीस तारीख उलटली की वाण्याकडे उधारी सुरू होते. विजेचे बिल, सिलिंडर, मुलीच्या क्लासची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्स एवढे भागवले की हातात काही उरत नाही. अशा वेळी खासदारांचे वेतन २४ टक्क्यांनी वाढल्याची बातमी वाचली की मन पेटून उठते. या मंडळींचे पगार बंद केले तर आमच्यासारख्यांची बिले कमी होणार नाहीत का? (नाशिक)

उत्तर : आपला संताप मला योग्य वाटतो, परंतु आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते आकड्यांनिशी सांगणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ असे एकूण ३६६ सदस्य आहेत. प्रत्येकावर वेतन आणि भत्त्यांपोटी महिन्याला तीन लाख रुपये खर्च होतात असे ढोबळमानाने धरले, तर वर्षाचा खर्च सुमारे १३२ कोटी रुपये होतो. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटी रुपयांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे दोन कोटी चाळीस लाख कुटुंबे होती. सर्व आमदारांचे वेतन थांबवून ती रक्कम या कुटुंबांत वाटली, तर एका कुटुंबाच्या वाट्याला वर्षाला पंचावन्न रुपयांच्या आसपास येतील. ८ एप्रिल २०२५ रोजी घरगुती सिलिंडर एका दिवसात पन्नास रुपयांनी महागला, हे लक्षात घेतले म्हणजे वर्षभराची ही सारी बचत जेमतेम एका सिलिंडरच्या वाढीएवढी ठरते.

म्हणून वेतनाचा मुद्दा गौण आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. लोकांना जे खटकते ते रकमेपेक्षा ती रक्कम ठरवण्याच्या रीतीत आहे. आपल्याच विजेच्या बिलाचे उदाहरण घ्या. त्यातील स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार यांचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. दर बदलायचे असतील तर महावितरणला आयोगाकडे याचिका दाखल करावी लागते, ती जाहीर करावी लागते, ग्राहकांच्या सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात आणि आयोग त्यावर जनसुनावणी घेतो. तेथे ग्राहक संघटना, यंत्रमागधारक, शेतकरी आणि सामान्य ग्राहकही जाऊन बोलतात. त्या सुनावण्यांतून किती पदरात पडते याविषयी मतभेद असू शकतील, परंतु महावितरणला आपल्या मागणीचे समर्थन चारचौघांत करावे लागते, हे खरे आहे. आमदारांचे वेतन वाढते तेव्हा अशी याचिका नसते, हरकती मागवल्या जात नाहीत आणि जनसुनावणीही होत नाही. ज्याच्या खात्यात वाढ जमा होणार, तोच सभागृहात हात वर करून ती मंजूर करतो. माझ्या मते आपल्या रागाचे खरे कारण येथे आहे, आणि त्या रागाने याच ठिकाणी बोट ठेवले पाहिजे.

प्रश्न : आमदारांना नेमके किती मिळते, याचे वेगवेगळे आकडे मोबाइलवर फिरत असतात. संसदेच्या उपाहारगृहात अजूनही काही रुपयांत जेवण मिळते असेही त्यात असते. यातले खरे काय? (सांगली)

उत्तर : प्रथम उपाहारगृहाविषयी. संसदेच्या उपाहारगृहातील अनुदान जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. स्वस्त थाळीचे जे दरपत्रक आपल्याला वारंवार येते ते जुने आहे, आणि ते पुढे पाठवल्याने खऱ्या आक्षेपांचे वजन कमी होते.

आमदारांच्या वेतनाची आजची रचना २०१६ मध्ये ठरली. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले ते हेच वर्ष. त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात, ऑगस्ट महिन्यात, सदस्यांच्या वेतन आणि भत्त्यांविषयीचे सुधारणा विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झाले आणि महिन्याला सुमारे ७५ हजार रुपये मिळत होते तेथे दीड लाखाहून अधिक मिळू लागले. विरोधी बाकांवरूनही अडवणूक झाली नाही. एरवी कांद्याच्या भावापासून शाळेच्या गणवेशापर्यंत प्रत्येक प्रश्नावर ज्यांचे एकमत होत नाही, त्या पक्षांचे या एका विषयावर विनाचर्चा एकमत व्हावे, हे लोकांच्या मनात आजही सलते.

रकमेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या दुरुस्तीने आमदारांचे वेतन राज्य शासनाच्या प्रधान सचिवांच्या मूळ वेतनाशी जोडले गेले. सातव्या वेतन आयोगानंतर हे मूळ वेतन १,८२,२०० रुपये झाले. त्यावर महागाई भत्ता, दूरध्वनीसाठी ८ हजार, टपाल आणि लेखनसामग्रीसाठी १० हजार आणि संगणकचालकासाठी १० हजार रुपये धरले की एकूण रक्कम अडीच लाखांच्या पुढे जाते, आणि शासन महागाई भत्त्याचा दर वाढवते तेव्हा तीही वाढते. आता प्रत्येक वाढीसाठी विधेयक आणण्याची गरज उरलेली नाही, त्यामुळे वर्तमानपत्रांत बातमी येण्याचे आणि लोकांनी जाब विचारण्याचे प्रसंगही कमी झाले आहेत. अधिवेशन काळातील दैनिक भत्ता, प्रवासाच्या सवलती आणि वैद्यकीय खर्च हे याव्यतिरिक्त आहे.

खासदारांचे मूळ वेतन सध्या महिन्याला १,२४,००० रुपये आणि दैनिक भत्ता २,५०० रुपये आहे. मतदारसंघ भत्ता आणि कार्यालयीन खर्च त्याहून वेगळे. विजेच्या बिलाविषयी आपण बोलतच आहोत म्हणून एक तरतूद मुद्दाम सांगतो. खासदारांना दिल्लीतील निवासस्थानी वर्षाला ५०,००० युनिटपर्यंत वीज आणि ४,००० किलोलिटरपर्यंत पाणी विनामूल्य मिळते. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला एवढी वीज सत्तावीस वर्षांहून अधिक काळ पुरेल. अभ्यागतांची वर्दळ असलेल्या घराला वीज जास्त लागते, हे मान्य करूनही मला ही मर्यादा समर्थनीय वाटत नाही. बिल स्वतः भरावे लागले नाही, तर दुसऱ्याचे बिल का वाढले याची जाणीव कशी होणार?

प्रश्न : मी साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालो. मला ईपीएस-९५ योजनेखाली दीड हजार रुपयांच्या आत निवृत्तिवेतन मिळते. औषधांचा खर्चच त्याहून अधिक आहे. एकदा निवडून आलेल्या खासदाराला मात्र ३१ हजार रुपये निवृत्तिवेतन आहे. सरकारकडे आमच्यासाठी पैसे नाहीत आणि त्यांच्यासाठी आहेत, असे समजायचे का? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : मला या अंकातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

ईपीएस-९५ म्हणजेच कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ पासून लागू आहे आणि साखर कारखाने, एसटी महामंडळ, सहकारी संस्था, गिरण्या आणि खासगी कंपन्या यांतून निवृत्त झालेले लाखो लोक तिच्यावर अवलंबून आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये या योजनेतील किमान निवृत्तिवेतन महिन्याला १,००० रुपये करण्यात आले. त्यानंतर ते वाढलेले नाही. या निवृत्तांच्या आंदोलनाचे एक मोठे केंद्र आपल्याच राज्यात, बुलढाण्यात आहे. किमान ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, ही त्यांची मागणी आहे. सत्तरी ओलांडलेली माणसे त्यासाठी उपोषणाला बसली आहेत, दिल्लीपर्यंत जाऊन आली आहेत.

आता खासदारांकडे पाहू. फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पी भाषणात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी स्वतःच मान्य केले होते की, ज्यांना वेतन घ्यायचे आहे त्यांनीच ते ठरवण्याच्या प्रथेवर टीका होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मूळ वेतन ५० हजारांवरून एक लाख रुपये केले आणि दर पाच वर्षांनी ते महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप वाढेल अशी कायद्यात तरतूद केली. आयकरासाठी वापरला जाणारा हा निर्देशांक २०१८-१९ मध्ये २८० होता, २०२३-२४ मध्ये तो ३४८ झाला. २४ टक्क्यांची वाढ येथून आली. तिची अधिसूचना मार्च २०२५ मध्ये निघाली, लागू मात्र १ एप्रिल २०२३ पासून झाली. त्याच वेळी माजी खासदारांचे किमान निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ३१ हजार रुपये झाले, आणि पाच वर्षांपेक्षा अधिक सदस्यत्व असेल तर पुढील प्रत्येक वर्षासाठी मिळणारी जादा रक्कम दोन हजारांऐवजी अडीच हजार रुपये झाली.

महागाईशी वेतन जोडणे हे तत्त्व म्हणून चुकीचे नाही. किंबहुना मनमानीपेक्षा ते कितीतरी बरे. परंतु महागाई ही दिल्लीतील निवासस्थानांनाच लागते आणि कागल-शिरोळच्या घरांना लागत नाही, असे तर कोणी म्हणणार नाही. मग तोच निर्देशांक आपल्या निवृत्तिवेतनाला लावून पाहू. २०१४-१५ मध्ये तो २४० होता आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. या हिशेबाने २०१४ चे एक हजार रुपये आज सुमारे १,५६५ रुपये व्हायला हवे होते. ही रक्कमही औषधांना पुरणारी नाही, हे मला कळते. मुळातला पायाच इतका तोकडा आहे की त्यावर टक्केवारी चढवून फारसे काही साधत नाही, म्हणूनच पाया वाढवण्याची मागणी रास्त आहे. तरीसुद्धा एवढी अल्प वाढदेखील आपल्याला मिळू नये आणि खासदारांना तिच्यासाठी अर्जही करावा लागू नये, हा भेद कोणत्याही आर्थिक अडचणीने समजावून सांगता येत नाही.

सरकारच्या बाजूने असे सांगितले जाते की ईपीएस ही अंशदानावर चालणारी योजना आहे. मालकाच्या हिश्श्यातून ८.३३ टक्के रक्कम, तीही १५ हजार रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंतच, निधीत जमा होते आणि निधीला झेपेल तेवढेच देता येते. हा युक्तिवाद ऐकून घेण्याजोगा आहे. मात्र खासदारांचे निवृत्तिवेतन कोणत्याही अंशदानातून येत नाही. ते थेट भारताच्या संचित निधीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशातून दिले जाते. ज्यांनी आयुष्यभर अंशदान भरले त्यांना निधीची मर्यादा सांगायची आणि ज्यांनी काहीही भरले नाही त्यांना कोणतीच मर्यादा नाही, हे मला न्यायाचे वाटत नाही. आपण केवळ गरजेचा प्रश्न मांडत नाही, हक्काचा प्रश्न मांडत आहात.

प्रश्न : नव्वद टक्क्यांहून अधिक आमदार कोट्यधीश आहेत, हे त्यांच्याच शपथपत्रांवरून दिसते. मग त्यांना वेतन द्यायचेच कशाला? पूर्वीच्या लोकांनी सेवा म्हणून राजकारण केले नाही का? (अकोला)

उत्तर : ही भावना मी समजू शकतो, परंतु येथे माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. लोकप्रतिनिधीला वेतन असावे, ही मागणी मुळात गरिबांची होती. इंग्लंडमध्ये १८३८ च्या सुमारास कामगारांनी जी सनद मांडली तिच्या सहा मागण्यांत खासदारांना वेतन मिळावे ही एक होती, कारण जमीनदार आणि व्यापारी यांनाच बिनपगारी संसदेत बसणे परवडत असे. ती मागणी मान्य व्हायला १९११ साल उजाडले. वेतन काढून टाकले तर श्रीमंत आमदाराचे काहीही बिघडणार नाही. शेतमजूर, शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका यांच्यासाठी मात्र विधानसभेचे दार आजच्यापेक्षा अधिक घट्ट बंद होईल.

पूर्वीच्या लोकांनीही वेतन नाकारले नव्हते, त्यांनी त्याला मर्यादा घातली होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला की शासनाच्या सेवकाला सर्वसाधारणपणे महिना पाचशे रुपयांपेक्षा अधिक वेतन असू नये. त्या काळी गोरे अधिकारी हजारो रुपये घेत होते. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असे म्हणत) झाले, तेव्हा मंत्र्यांनी ही पाचशेची मर्यादा स्वतःला लावून घेतली. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने खासदारांचे वेतन महिना ४०० रुपये ठरले. सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख एसटीने प्रवास करत, याची आठवण आजही सांगितली जाते, आणि ती सांगितली जावी असे मलाही वाटते. परंतु एखाद्याच्या साधेपणावर व्यवस्था उभी राहत नाही. नियमच असा हवा की साध्या माणसाला परवडेल आणि लोभी माणसाला मोकळे रान मिळणार नाही.

कोट्यधीशांचा प्रश्न वेतनातून निर्माण झालेला नाही. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची कायदेशीर मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात होणारा खर्च कोणत्याही तालुक्याच्या गावी डोळ्यांना दिसतो. एवढा पैसा उभा करू शकणारेच उमेदवारी मिळवतात. त्यावर वेतन कमी करणे हा उपाय नाही, निवडणुकीतील पैशाला आळा घालणे हा आहे, आणि त्याविषयी मात्र आपण सारेच फार कमी बोलतो.

आणखी एक गोष्ट. आपण ‘लोकप्रतिनिधी’ म्हणतो तेव्हा सरपंचांना विसरतो. दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावाच्या सरपंचाचे मानधन सप्टेंबर २०२४ पर्यंत महिन्याला ३,००० रुपये होते, ते ६,००० झाले. आठ हजारांहून मोठ्या गावाच्या सरपंचालाही १० हजार रुपयेच मिळतात. पाण्याची मोटार जळाली तर लोक रात्री त्यांच्याच दारात येतात. आमदाराचे वेतन आणि सरपंचाचे मानधन यांतील ही दरी राज्यकर्त्यांना कधी खटकल्याचे दिसत नाही.

प्रश्न : मी १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला शिक्षक आहे. आम्हाला जुनी पेन्शन नाही, आमदारांना मात्र आहे. हे कायद्याने कसे चालते? (परभणी)

उत्तर : कायद्याने चालते, कारण तसा कायदा त्यांनी केला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ नुसार खासदारांचे आणि अनुच्छेद १९५ नुसार आमदारांचे वेतन आणि भत्ते त्या-त्या सभागृहाने कायदा करून ठरवायचे असतात. या अनुच्छेदांत निवृत्तिवेतनाचा उल्लेख नाही. त्याच मुद्द्यावर एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली होती. माजी खासदारांना निवृत्तिवेतन देणे घटनाबाह्य ठरवावे, ही मागणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली. खासदारांना निवृत्तिवेतनाची सुरुवात १९७६ मध्ये झाली आणि त्यासाठी पूर्वी असलेली किमान सेवेची अट २००४ मध्ये काढून टाकण्यात आली. राज्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतर माजी आमदाराला ५० हजार रुपये आणि पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी दोन हजार रुपये जादा मिळतात.

मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले, तेव्हा राज्याची तिजोरी हा भार सोसू शकणार नाही असे त्यांना सांगण्यात आले. लाखो कर्मचाऱ्यांचा भार आणि काहीशे आमदारांचा भार एकसारखा नाही, हे मान्य करावे लागेल. तरीही ज्यांनी काटकसरीचा उपदेश केला त्यांनी त्या दिवशी आपल्या निवृत्तिवेतनातील एक रुपयाही कमी करण्याची तयारी दाखवली असती, तर त्या उपदेशाला नैतिक बळ आले असते.

हे अशक्य नाही. गुजरातमध्ये माजी आमदारांना निवृत्तिवेतन नाही आणि तेथे आमदारकीला उमेदवार मिळत नाहीत असे कोणी ऐकलेले नाही. पंजाबात २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ असा कायदा झाला. त्याआधी तेथे जितक्या वेळा निवडून यावे तितक्या वेळा निवृत्तिवेतनाची रक्कम वाढत असे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त लंडनजवळ राहते. येथे खासदारांचे वेतन स्वतंत्र संस्था ठरवते. आपल्याकडे तसे का होत नाही? इंडोनेशियात तर या प्रश्नावर लोक रस्त्यावर उतरले होते. (लंडन)

उत्तर : ब्रिटनमधील ती संस्था खासदारांच्या खर्चाच्या खोट्या आणि फुगवलेल्या दाव्यांचे प्रकरण २००९ मध्ये उघडकीस आल्यावर कायद्याने स्थापन झाली. तिच्यामुळे लोकांचा राग संपला असे मात्र नाही. २०१५ मध्ये तिने वेतन ६७ हजार पौंडांवरून एकदम ७४ हजार पौंड केले, तेव्हा पक्षनेत्यांनीही नाराजी व्यक्त केली. उलट २०२० च्या अखेरीस, महासाथीत लोकांच्या नोकऱ्या जात असताना, तिने ठरलेली वाढ रोखून धरली. माझ्या दृष्टीने तिचे मोल यात आहे की ती आपल्या निर्णयाची कारणे लेखी देते, त्यावर लोकांची मते मागवते आणि वाढीचा लाभ तिच्या सदस्यांना होत नाही.

भारतात ही सूचना नवी नाही. सोमनाथ चटर्जी लोकसभेचे अध्यक्ष असताना त्यांनी खासदारांचे वेतन बाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेने ठरवावे, असे मत मांडले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये वरुण गांधी यांनी सत्ताधारी बाकांवरून लोकसभेत हीच मागणी केली आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत असताना स्वतःचे वेतन वाढवून घेण्याला आक्षेप घेतला. त्याच्या उलट चित्र २०१० मध्ये दिसले होते. सरकारने वेतन १६ हजारांवरून ५० हजार करण्याचे ठरवले, तर ते सचिवांपेक्षा एक रुपया जास्त, म्हणजे ८०,००१ रुपये असावे यासाठी अनेक सदस्यांनी सभागृहात गोंधळ घातला. डाव्या पक्षांनी तेव्हा या वाढीला विरोध केला होता, ही नोंदही येथे केली पाहिजे. मार्च २०२५ मध्ये कर्नाटकाने मुख्यमंत्र्यांचे वेतन ७५ हजारांवरून दीड लाख आणि आमदारांचे ४० हजारांवरून ८० हजार रुपये केले. ती विधेयकेही गदारोळात, चर्चेविना संमत झाली. स्वतंत्र यंत्रणा का होत नाही, याचे उत्तर या प्रसंगांत आहे: ती निर्माण करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच ती नको आहे.

इंडोनेशियात जे घडले ते मात्र फार दुःखद आहे. तेथे खासदारांना घरभाड्यापोटी महिन्याला पाच कोटी रुपिया, म्हणजे जकार्ताच्या किमान वेतनाच्या जवळजवळ दहापट, भत्ता मिळत असल्याचे उघड झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस निदर्शने पेटली. त्यांत मोटारसायकलवरून प्रवासी आणि पार्सल पोहोचवणारा एक एकवीस वर्षांचा तरुण पोलिसांच्या चिलखती वाहनाखाली सापडून मृत्युमुखी पडला, तेव्हा असंतोष अनेक शहरांत पसरला आणि आणखी जीव गेले. शेवटी तो भत्ता रद्द करण्याची घोषणा राष्ट्राध्यक्षांना करावी लागली. भत्ता रद्दच करायचा होता, तर तो लोकांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला त्याच दिवशी करता आला असता.

प्रश्न : आमच्यासारख्या सामान्य माणसांनी चिडण्यापलीकडे काय करावे? आमच्या बोलण्याने काही फरक पडतो का? (रत्नागिरी)

उत्तर : पडतो, आणि याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मार्च २०२२ मध्ये गोरेगाव येथे आमदारांसाठी तीनशे घरे बांधण्याची घोषणा विधानसभेत झाली. मुंबईत आयुष्य काढूनही ज्यांना घर मिळाले नाही त्यांच्या प्रतिक्रिया इतक्या तीव्र होत्या की ही घरे मोफत नाहीत, त्यांची किंमत सुमारे ७० लाख रुपये आकारली जाईल, असा खुलासा गृहनिर्माणमंत्र्यांना लगोलग करावा लागला. आमदारांनाही या योजनेचे उघड समर्थन करणे जड गेले.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, मागणी नेमकी असावी. ‘सगळ्यांचे पगार बंद करा’ या मागणीला कोणी उत्तर देत नाही, कारण ती पुरी होणार नाही हे सर्वांना ठाऊक असते. त्याऐवजी आपल्या आमदाराला पत्र लिहून तीन प्रश्न विचारता येतील: वेतनाविषयीचे प्रत्येक विधेयक सभागृहात चर्चेला यावे आणि त्यावर नावानिशी मतदान व्हावे, याला आपला पाठिंबा आहे का, वेतन ठरवण्यासाठी सदस्य नसलेल्या व्यक्तींची समिती असावी, याविषयी आपण अशासकीय विधेयक (मंत्री नसलेला सदस्य मांडतो ते) मांडाल का, आणि महागाई भत्त्याचा जो लाभ आपल्याला मिळतो त्याच धर्तीवर अंगणवाडी सेविका, आशा आणि निराधार योजनेतील लाभार्थी यांच्या मानधनाला आणि अनुदानाला महागाईशी जोडण्याची मागणी आपण कराल का. यातील तिसरा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो. अंगणवाडी सेविकांना डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ संप करावा लागला. संजय गांधी निराधार योजनेतील एक हजार रुपयांचे दीड हजार व्हायला २०२३ साल उजाडले. या लोकांची वाढ दरवेळी कोणाच्या तरी मर्जीवर आणि निवडणुकीच्या हंगामावर अवलंबून राहते.

पत्राची पोच घ्यावी आणि उत्तर आले नाही तर तेही गावात सांगावे. विधिमंडळाच्या सचिवालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून आपल्या आमदाराला गेल्या वर्षी वेतन, दैनिक भत्ता आणि प्रवास यांपोटी एकूण किती रक्कम दिली गेली, याची माहिती मागता येते. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे, तिच्याकडे सार्वजनिक प्रश्नावर नागरिकांना आमदारामार्फत अर्ज पोहोचवता येतो. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेच्या निवडणुका आल्या की आमदार पुन्हा वाडीवस्तीवर फिरू लागतील. त्या वेळी ही माहिती हातात असेल, तर रस्ता आणि गटारीच्या प्रश्नासोबत हाही प्रश्न सभेत उभे राहून विचारता येईल.